पाचातली सरळ बंदूक

“गोदे, आज बंदुका तूच द्यायच्या,” आबा म्हणाला. “रोज देतीस तशाच. त्यात काय येगळं करायचं न्हाई.”

एवढं बोलून तो खाली मान घालून बंदुकीच्या दांड्याला तेल सोडत बसला. सकाळचे नऊ वाजले असतील. कोळवाडीच्या जत्रेचा तिसरा दिवस. मी फुगे फुगवत होते, तो तोंडातला फुगा तसाच राहिला आणि त्यातली हवा फुस्स करून निघून गेली. बापाच्या बोलण्यात काय होतं ते मला बरोबर कळलं होतं. आमच्या दुकानात कुठल्या गिऱ्हाइकाच्या हातात कुठली बंदूक द्यायची हे मीच ठरवायची. आणि त्या दुपारी जी दोन गिऱ्हाइकं यायची होती, ती नुसते फुगे फोडायला येणार नव्हती. मला न्यायला येणार होती.

आमचं फुगे फोडायचं दुकान. बांबूंना ताणलेली खाकी चादर, तिच्यावर टाचलेले फुगे, पुढं आडवी फळी आणि फळीवर पाच बंदुका. सगळ्या दांड्याच्या. म्हणजे नळीखाली लोखंडी दांडा असतो, तो खाली ओढून परत वर बसवला की आत हवा दाबली जाते, मग छर्रा घालायचा आणि चाप ओढायचा. दुसऱ्या दुकानांत नळी मोडून भरायच्या बंदुका असायच्या. आबाला त्या आवडायच्या नाहीत. “दांडा वढला की मानसाला वाटतं आपन कोनतरी हाय,” असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. दिवसभर गुळाच्या ढेपा उचलणारा हमालसुद्धा आमच्याकडं आला, दांडा खटकन ओढला, की छाती काढून उभा राहायचा.

आणि बंदूक निवडायची तर काय ऐट! कुणी हातात तोलून बघायचं, कुणी एक डोळा मिटून नळीतून आभाळ बघायचं. स्वतःला जाणकार समजणारा असला तर दांडा दोनदा हलवून त्याला कान लावायचा, जसं काही बंदूक त्याच्या कानात काही सांगणार आहे. एवढं सगळं करून शेवटी न्यायचे ती मी पुढं केलेलीच.

पाचातल्या चार वाकड्या होत्या. आता लपवून काय करायचंय? नळीच्या टोकावर नेम धरायला माशी असते, तिला हातोडीची बारीकशी टिचकी दिली की काम झालं. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ‘फौजदार’ वर मारायची, ‘मावशी’ खाली, ‘सावकार’ उजवीकडं, आणि ‘तिरळी’ चांगली चार बोटं डावीकडं. नावं मी ठेवलेली. पाचवी ‘राणी’. ती सुतात सरळ. कुणी बंदुकीत खोट आहे म्हणून बोंब मारली की आबा शांतपणे राणी उचलायचा, ओळीनं तीन फुगे फोडायचा आणि त्या माणसाला बिडी द्यायचा. राणी कुठली हे फक्त आबाला आणि मला ठाऊक. माझी आई बारा वर्षं त्या फळीमागं बसली, तिलाही कधी कळलं नाही.

आता त्या दोन गिऱ्हाइकांची भानगड सांगते. माघातल्या एका जत्रेत आबानं मटणाच्या जेवणावर जालिंदरच्या बापाला शब्द दिला, की गोदा तुमच्या घरात दिली. त्याच महिन्यात माझ्या चुलत्यानं दुसऱ्या जत्रेत पाळणेवाल्यांच्या घरी सुपारी फोडली, की गोदा तुमची. दोघं भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळं एकाचं दुसऱ्याला कळायचा प्रश्नच नव्हता. कळलं ते कोळवाडीत, दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी साखर घेऊन आमच्या पालात आली तेव्हा. आबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मात्र हसले नाही, कारण प्रकरण साधं नव्हतं. आम्हा जत्रेवाल्यांत शब्द फिरवला तर पंच ओळीतली जागा काढून घेतात. मग पुढच्या जत्रेपासून तुमचं दुकान पार बैलबाजाराच्या पलीकडं. तिथं एक वर्ष बसलं की दुकान मोडलंच म्हणून समजा.

आणि मला कुणी विचारलं? मला जालिंदर हवा होता. स्पष्ट सांगते, जीव टाकत होते मी त्याच्यावर. तोही फुगेवाल्याचाच मुलगा, कराडकडचा. भुरभुरणारे केस, रंगीत शर्ट, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. दोन वर्षं प्रत्येक जत्रेत छर्रे संपल्याचं निमित्त काढून आमच्या दुकानाशी यायचा. मला ठाऊक होतं, त्याच्याकडं छर्ऱ्यांची पोती पडलेली असायची.

“गोदे, तुमच्यात सरळ कुठली गं?” एकदा त्यानं विचारलं होतं.

“सगळ्याच,” मी म्हटलं.

तो केवढा हसला! “कुनाला सांगतीस? आगं, फुगेवाला सरळ बंदूक ठिवंल तर खाईल काय? आमच्यात एक न्हाई. आन जी सगळ्यात साळसूद दिसती, ती सगळ्यात वाकडी.”

मला ते बोलणं तेव्हा हुशारीचं वाटलं होतं.

पाळणेवाल्याकडं मात्र मी कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. बघितलं असेल ते पाळण्यात बसल्यावर, वरून, त्याच्या डोक्याचा भोवरा. अंगाला कायम वंगणाचा वास. हात सुपासारखे. बोलणं इतकं कमी की मुका आहे की काय असं नव्या माणसाला वाटावं. दिवसभर पाळण्याच्या आसाशी कान लावून उभा. कुठला पाळणा लचकतोय, कुठला खिळा ढिला झालाय, यापलीकडं त्याला जगात काही आहे असं वाटायचं नाही. त्याच्या घरी जायचं या कल्पनेनं मला रडू यायचं.

निकाल दिला नानांनी. नाना मोटारवाले म्हणजे आमच्या ओळीचे पंच. तरुणपणी लाकडी विहिरीत मोटारसायकल फिरवायचे, एक पाय त्यातच आखूड झालेला. दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शब्द दोगांचाबी खरा. पोरगी एकच. आता कुनाचाबी शब्द मी खोटा पाडनार न्हाई. उद्या दुपारी दौलतच्या दुकानावर धा-धा छर्रे मारायचे. ज्याचे फुगे जास्ती, त्याची सोयरीक. हरंल त्यानं पुन्हा शब्दाचं नाव काढायचं न्हाई.”

दौलत म्हणजे आबा.

पाळणेवाल्याचा बाप उसळलाच. “आवं नाना, तो जालिंदर रोजचा बंदुकीत! माज्या निवृत्तीनं जल्मात बंदूक धरली न्हाई.”

सगळे निवृत्तीकडं वळले. तो हात पुसत होता. “चालंल,” म्हणाला.

“आन सोताची बंदूक कुनी आनायची न्हाई,” नानांनी बजावलं. “दुकानातली घ्यायची. रोज देतो त्यानं द्यायची. मधी कुनी बोलायचं न्हाई, इशारं करायचं न्हाई.”

जालिंदरनं माझ्याकडं बघून डोळा मारला. रात्रभर मी त्या डोळा मारण्यावर खूश होते.

म्हणून सकाळी आबा तसं म्हणाला तेव्हा माझ्या हातातला फुगा गेला. तो तेल सोडत होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. शब्दात अडकलेला माणूस, उघड काही बोलू शकत नव्हता. पण त्याच्या परीनं त्यानं मला नवरा निवडायला दिला होता. आमच्यात तेव्हा असं कुठला बाप करायचा? मला इतकं भरून आलं की मी फुगे तिथंच टाकून मागं गेले आणि पदरात तोंड खुपसून रडले. मग डोळे पुसले, राणीची नळी तीनदा साफ केली, तिचे छर्रे वेगळे निवडून ठेवले.

दुपारी दोन वाजता अख्खी जत्रा आमच्या दुकानापुढं लोटली. मिठाईवाले तराजू टाकून आले. बांगड्यांवाल्या आल्या. नानांनी पंधरा पावलं मोजून चुन्याची रेघ मारली. चादरीवर मोसंबीएवढे फुगवलेले दहा फुगे, वीतभर अंतरानं, एका ओळीत. डावीकडून एकेक घ्यायचा, दुसरा फुटला तर धरायचा नाही.

“निवृत्ती, तू आदी,” नाना म्हणाले.

मी तिरळी उचलून त्याच्या हातात दिली. जरासुद्धा विचार केला नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी, आणि दांडा कसा ओढायचा ते मलाच विचारलं. लोकांत हशा पिकला. मी दाखवलं.

पहिला छर्रा गेला. फुगा जागच्या जागी. त्याच्या चार बोटं डावीकडं चादरीतून धूळ उडाली.

“पाळना हालला का रं?” मागून कुणीतरी ओरडलं. पाळणेवाला हलला नाही. चादरीकडंच बघत उभा राहिला, किती वेळ! मला वाटलं, ह्याचं डोकं चालत नाही वाटतं. दुसरा छर्राही गेला. तोही डावीकडं, पण दोनच बोटं.

तिसऱ्याला फुगा फुटला.

चौथाही फुटला. पाचवाही. सहावा चुकला. आणि मग शेवटचे चार त्यानं असे फोडले की लोकांचं हसणं बंद झालं. पाळण्याचा कुठला खिळा ढिला आहे ते बघावं तसा तो प्रत्येक वेळी चादरीकडं बघायचा, मग नळी जराशी सरकवायचा, मग चाप. एक नाही, दोन नाही, सात फुगे!

“सात,” नाना म्हणाले.

मी मनाला म्हटलं, असू दे सात. जालिंदरच्या हातात राणी पडणार आहे. त्यानं डोळे झाकून मारलं तरी आठ कुठं गेले नाहीत. नवे दहा फुगे टाचताना मी सगळ्या देवांची नावं घेतली.

जालिंदर रेघेवर आला. मी राणी उचलली, दोन्ही हातांनी पुढं धरली, आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. इशारा करायचा नव्हता. पण जेवढं काळजात होतं तेवढं सगळं त्या बघण्यात ओतलं. घे रे बाबा. माझ्याकडची सगळ्यात चांगली आहे ती. सरळ मार आणि ने मला.

त्यानं बंदूक एका हातानं घेतली, दांडा एका झटक्यात खटाक खाली-वर केला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग त्यानं माशी निरखली. बोटानं चाचपली. आणि हसला, सगळं समजल्यासारखा.

मी बाजूला उभी होते, म्हणून मला नळी दिसत होती. ती फुग्यावर नव्हती. फुग्याच्या उजवीकडं होती, बंदूक डावीकडं मारणार असं धरून.

छर्रा गेला. धूळ उडाली ती फुग्याच्या तीन बोटं उजवीकडं.

आता बघेल, मी मनात म्हटलं. चादरीकडं बघेल आणि कळेल त्याला. पण चादरीकडं बघायची त्याला गरजच काय? तो फुगेवाला. त्याला सगळं आधीच ठाऊक. त्यानं बंदुकीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, कपाळाला आठी घातली, आणि दुसऱ्या वेळी नळी आणखी उजवीकडं नेली. तोही छर्रा चुकला. मग त्याला वाटलं असावं की ही उजवीकडची आहे. तिसऱ्याला नळी डावीकडं. तोही चुकला. मग त्यानं वर धरून बघितलं. मग खाली. लोक आधी चिडीचूप होते, मग एकेक जण हसायला लागला. आणि जसं हसू वाढलं तसा त्याचा घाम वाढला, आणि घाम वाढला तशी नळी फिरायला लागली. डावी, उजवी, वर, खाली, सगळीकडं मारलं त्यानं. फक्त समोर मारलं नाही.

दोन फुगे फुटले. ते कसे फुटले हे त्यालाही कळलं नाही.

“दोन,” नाना म्हणाले. “निकाल झाला. चला, च्या घेऊया.”

पाळणेवाल्याच्या बापानं गुलाल काढला. सगळी माणसं नानांच्या पालाकडं वळली. आबा जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबला, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. त्याला वाटलं असणार, पोरीनं निवडलं. मी तिथंच फळीला धरून उभी.

सगळे पांगल्यावर जालिंदर आला. डोळे लाल.

“माजं नाक कापलंस,” तो म्हणाला. “दोन वर्सं माज्याशी ग्वाड बोललीस आन पाळन्याच्या नादी लागलीस व्हय? कुठली बंदूक दिलीस मला?”

“जालिंदर, ती सरळ हाय.”

“थापा मारू नगंस!”

मी राणी उचलली, दांडा ओढला, छर्रा घातला, आणि त्याच्यासमोर ओळीनं तीन फुगे फोडले. फट, फट, फट. मग बंदूक फळीवर ठेवली.

त्याचं तोंड पांढरं पडलं. तो त्या फाटक्या फुग्यांकडं बघत राहिला.

“मग सांगितलं का न्हाईस?”

“अख्खी जत्रा बगत हुती. कसं सांगायचं?”

“इशारा करायचा हुतास.”

“केला असता तर त्याचाबी उलटाच अर्थ लावला असतास तू,” मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला रडू फुटलं. “मी तुला सरळ दिली रे. माज्याकडं एकच हुती, ती तुला दिली.”

त्यानं माझा हात धरला. पहिल्यांदाच. “रडू नगंस. आजून येळ हाय. ती हातोडी कुठाय तुमची? ह्या बंदुकीच्या माशीला आत्ता एक टिचकी मार. मी नानाला घिऊन येतो. तू म्हन, जालिंदरला दिलेली बंदूक वाकडी हाय. ते बगतील, तर वाकडीच असंल. पुन्हा मारायला लावतील आन मग मी धाच्या धा फोडतो.”

“आन आबा?”

“आबाचं काय?”

“दुकानात वाकडी बंदूक घावली तर पंच आबाला वळीत बसू देतील?”

“ते बगू की नंतर. तू तर माज्या दुकानावर येनारच हाईस.” आणि तो निघालाच नानांच्या पालाकडं. घाईघाईनं, वळून न बघता.

खोटं कशाला बोलू? मी हातोडी उचलली. आबाचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. पण वीस वर्षांची होते. जालिंदरनं हात धरला होता तो अजून गरम होता. राणी फळीवर आडवी घातली, माशीवर हातोडी टेकवली. एकच टिचकी द्यायची होती.

“आवं, ही ठिवायची राहिली.”

मी इतकी दचकले की हातोडी पायावर पडायची राहिली. पाळणेवाला. कपाळाला गुलाल, हातात तिरळी. सगळे चहाला गेले आणि हा बंदूक परत द्यायची म्हणून मागं राहिला होता. कडेला उभा होता वाटतं, आमचं बोलणं संपायची वाट बघत. काय ऐकलं, काय नाही, देव जाणे.

“ठिवा तिथं,” मी डोळे पुसत म्हटलं.

त्यानं ठेवली नाही. इकडं तिकडं बघितलं, आणि मग हळू आवाजात, जसं काही माझीच लाज झाकायची आहे तसा, म्हणाला, “ही डावीकडं मारती. चार बोटं. तुमी गडबडीत हुता, तुमच्या हाताला चुकून लागली आसंल. पन एवडी सरळ करून घ्या. न्हाईतर एकादं शानं गिऱ्हाईक बोंब मारील आन आबांना उगंच तरास हुईल.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

“कवा कळलं?” मी विचारलं.

“पयल्याच छर्ऱ्याला. धूळ कुठं उडाली ते दिसलं की.”

“मग दुसरी का मागितली न्हाई? मागता येत हुती. नानांनी दिली असती.”

“चारचौगांत?” त्याला प्रश्नच कळला नाही. “तुमच्या दुकानाची अब्रू गेली असती की.”

“आन हरला असता तर?”

त्या सुपासारख्या हातांत ती बंदूक त्यानं एकदा फिरवली. “हरलो असतो,” म्हणाला. “वाईट वाटलं असतं. लई वाईट वाटलं असतं.”

आणि मान खाली घालून बंदूक फळीवर ठेवली, जिथली तिथं, नळी आत करून.

मला तेव्हा कुणी जमिनीत गाडलं असतं तर बरं झालं असतं. ज्याला सरळ दिली त्याला मी दगाबाज दिसले, आणि ज्याला जाणूनबुजून वाकडी दिली, तो माझी चूक पोटात घालून उभा. हातोडी माझ्या हातातच होती.

तेवढ्यात नाना आले, लंगडत. मागं आबा, जालिंदर, जालिंदरचा बाप, आणि हातात चहाचे पेले घेतलेली पंधरावीस माणसं.

“गोदे,” नाना म्हणाले, “हा जालिंदर म्हनतो तुला काय सांगायचंय. बंदुकीबद्दल. सांग बगू. भिऊ नगंस.”

आबाच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यानं माझ्या हातातली हातोडी बघितली. फळीवरच्या पाचही बंदुका बघितल्या. जालिंदर माझ्याकडं बघून मान हलवत होता, बोल, बोल म्हणून. पाळणेवाला कडेला उभा राहून हातावरचा वंगणाचा डाग घासत होता. त्याला वाटलं असावं की आता मी त्याची बंदूक वाकडी होती असं सांगणार, कारण तो मधेच म्हणाला, “नाना, माजी काय तक्रार न्हाई बरं का.”

“तुला कोन इचारतंय?” नाना खेकसले. “गोदे, बोल.”

मी हातोडी फळीखाली सरकवली. पदर नीट केला.

“काय न्हाई नाना,” मी म्हटलं. “सगळी मानसं हितंच हाईत, तर सुपारी आत्ताच फोडून घ्या, एवडंच सांगायचं हुतं.”

लोक खो खो हसले. पोरीला घाई झाली म्हणाले. पाळणेवाला कानापर्यंत लाल झाला. आबा मटकन खाली बसला आणि डोळ्यांवर उपरणं धरलं. जालिंदर पाय आपटत निघून गेला. पुढं ओळीत भेटायचा तेव्हा सगळ्यांना सांगायचा, दौलतच्या पोरीनं मला वाकडी बंदूक देऊन फसवलं. त्याला ते मरेपर्यंत खरं वाटलं.

झाली त्याला त्रेचाळीस वर्षं. पाळणे आता विजेवर फिरतात. आमचे हे अजून आसाला कान लावतात, आता ऐकू कमी येतं तरी. नातवंडं जमली की हमखास तो नेमबाजीचा किस्सा सांगतात. सगळा रंगवून सांगतात आणि शेवटी माझ्याकडं हात करून म्हणतात, “तुमची आजी त्या दिवशी गडबडीत हुती, म्हनून तिच्या हाताला वाकडी लागली. पन मी कुनाला बोललो न्हाई.” पोरं हसतात. मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत बसते.

दोनतीनदा सगळं सांगून टाकायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. एकदा तर अर्धं सांगितलंसुद्धा. ते माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “उगंच माज्यासाठी कमीपना कशाला घेतीस?”

तेव्हापासून मी तो नाद सोडला. सांगितलं तरी त्यांना ते खरं वाटायचं नाही.